छत्रीझाडाची पाने गळू लागल्यावर या चुका टाळा

शेफ्लेरा, म्हणजेच छत्रीझाड, घरात आणले जाते ते बहुधा कमी देखभालीचे झाड म्हणून, आणि त्याची ही ओळख खोटी नाही. असे असूनही एखाद्या दिवशी कुंडीभोवती चार-पाच पाने पडलेली दिसतात आणि मग पाणी वाढवणे, खत घालणे, कुंडी बदलणे, जागा हलवणे हे सारे एकाच आठवड्यात होऊन जाते. हे झाड दुर्लक्षाने क्वचित मरते. पान गळताच घाईघाईने एकावर एक केलेल्या उपायांनी मात्र हमखास खचते. पाने गळणे हे या झाडाचे जवळपास प्रत्येक त्रासाला दिलेले उत्तर असते. म्हणून आधी कारण शोधावे, मग एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम दिसण्यासाठी किमान दोन-तीन आठवडे थांबावे.

सर्वांत मोठी चूक पाण्याची आहे आणि ती समजण्यासाठी झाडाचे मूळ जीवन पाहिले पाहिजे. घरांत सर्वाधिक आढळणारी बुटकी जात तैवान आणि हैनान बेटांवरची आहे, तर मोठ्या पानांची उंच जात उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी येथील वनांतली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी आता या दोन्ही जाती हेप्टाप्ल्यूरम या प्रजातीत घातल्या असल्या, तरी व्यवहारात शेफ्लेरा हेच नाव टिकून आहे. बुटक्या जातीच्या शास्त्रीय नावातील ‘आर्बोरिकोला’ या शब्दाचा अर्थच ‘झाडावर राहणारी’ असा होतो, कारण ती अनेकदा दुसऱ्या वृक्षाच्या फांदीवर रुजून वाढते. मोठी जातही तशीच वाढू शकते. अशा झाडाच्या मुळांना पावसाचे पाणी भरपूर मिळते, पण ते लगेच निथळूनही जाते आणि मुळांभोवती हवा खेळती राहते. कुंडीतील कायम ओल्या, घट्ट मातीत ही हवाच मिळत नाही. मग मुळे गुदमरतात, कुजतात आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नसल्यामुळे पाने मलूल दिसू लागतात. झाड तहानलेले आहे असे समजून इथे आणखी पाणी घातले जाते आणि वाचू शकणारे झाडही हातचे जाते.

म्हणून पाणी देण्यापूर्वी बोट मातीत घालून पाहावे. वरचा तीन ते पाच सेंटिमीटरचा थर कोरडा असेल, तरच तळाच्या छिद्रांतून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. ‘दर रविवारी पाणी’ असा नियम करू नये, कारण माती सुकण्याचा वेग ऋतू, प्रकाश आणि कुंडीचा आकार यांप्रमाणे बदलतो. माती ओली असताना पाने पिवळी पडून किंवा काळपट, मऊ होऊन गळत असतील, तर अतिपाण्याचा संशय घ्यावा. माती कुंडीच्या कडेपासून सुटली असेल आणि पाने सुरकुतून कडांशी कुरकुरीत होत असतील, तर पाणी कमी पडते आहे. खात्री होत नसेल, तर झाड हळूच कुंडीबाहेर काढून मुळे पाहावीत. निरोगी मुळे फिकट रंगाची आणि टणक असतात, तर कुजलेली तपकिरी, बुळबुळीत आणि दुर्गंधीयुक्त. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापून, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) मिसळलेल्या भुसभुशीत मातीत झाड पुन्हा लावावे. या वेळी मोठी कुंडी घेण्याचा मोह आवर्जून टाळावा, कारण मुळे पोहोचत नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते. उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढीच कुंडी योग्य.

दुसरी चूक म्हणजे ‘सावलीतले झाड’ म्हणून त्याला अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवणे. तिथे ते जगते, परंतु दोन पानांमधले अंतर वाढून खोड काडीसारखे लांबते, खालची पाने झडतात आणि पिवळसर-पांढऱ्या छटांच्या प्रकारांत नवी पाने अधिकाधिक हिरवी येऊ लागतात. खिडकीजवळचा भरपूर पण सौम्य प्रकाश त्याला मानवतो. अंधारातून थेट दुपारच्या उन्हात नेल्यास मात्र पाने करपतात, म्हणून जागा टप्प्याटप्प्याने बदलावी. नव्याने घरी आणलेल्या झाडाची काही पाने जागेच्या बदलामुळेच गळतात आणि तिथे संयमाखेरीज दुसरा उपाय लागत नाही. तापमान 15 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये आणि वातानुकूलन यंत्राचा झोत पानांवर येऊ देऊ नये.

पाने चिकट लागत असतील, तर तो झाडाचा स्वभाव नव्हे, कीड आहे. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण रस शोषून गोड, चिकट द्रव सोडतात आणि त्यावर काजळीसारखी बुरशी चढते. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागच्या बाजूला तलम जाळी दिसली, तर ती लाल कोळ्याची खूण समजावी. कोरड्या हवेत हा कोळी झपाट्याने वाढतो. झाड वेगळे ठेवून पानांच्या दोन्ही बाजू ओल्या कापडाने पुसाव्यात आणि कडुनिंबाच्या तेलाची सौम्य फवारणी आठवड्याच्या अंतराने करावी. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, त्यामुळे किडे दिसेनासे झाले म्हणून मध्येच थांबू नये.

खत आजारी झाडाला देऊ नये; वाढीच्या काळात निरोगी झाडाला महिन्यातून एकदा, निम्म्या प्रमाणात पुरते.

उघडे पडलेले खोड पाहून अनेकजण झाड टाकून देतात, जे मला खरोखर खेदाचे वाटते. हे झाड छाटणी उत्तम सोसते: वाढीच्या काळात पेराच्या किंचित वर शेंडा कापला, तर खालचे डोळे फुटून झाड पुन्हा भरते. कापताना हातमोजे घालावेत, कारण त्याच्या रसाने त्वचेची आग होऊ शकते. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ती चावल्यास कुत्र्या-मांजरांच्या तोंडाचा दाह होतो, लाळ गळते व उलट्याही होतात. त्यामुळे छाटलेल्या फांद्या आणि गळलेली पाने पाळीव प्राण्यांच्या व लहान मुलांच्या हाती लागण्यापूर्वी उचलून टाकावीत.