देशोदेशीची चित्रपुस्तकं वर्गात वाचताना

पहिली ते तिसरीच्या मुलांसमोर परदेशातलं चित्रपुस्तक आलं की मोठ्या माणसांचा हात आधी नकाशाकडे जातो. देश कुठला, राजधानी कोणती, तिथले लोक काय घालतात... पाच मिनिटांत गोष्टीचा भूगोल होतो आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. क्रम उलटा ठेवा: आधी गोष्ट, मग चित्रं पुन्हा सावकाश, देश सगळ्यात शेवटी. हरवलेलं मांजर किंवा अंधाराची भीती समजायला नकाशा लागत नाही. मांजरात जीव गुंतला की ते हरवलं कुठल्या गावात, हे मुलं आपणहून विचारतात.

निवड करताना मजकुराआधी चित्रं बघा. पुस्तक हातभर लांब धरून पाठीमागे सरका. तीन मीटरवरून मुख्य पात्राचा चेहरा ओळखू येत नसेल, तर ते पंचवीस मुलांच्या वर्गासाठी नाही. सहा-आठ मुलांच्या गटात मात्र तेच पुस्तक उत्तम चालेल. मग लेखक-चित्रकार कोण आहेत ते पाहा. त्या देशात वाढलेल्या माणसाचं पुस्तक आणि तिथे फिरून आलेल्या पाहुण्याचं पुस्तक यांत फरक असतो. पाहुण्याला सण आणि पोशाख दिसतात. तिथल्या माणसाला शाळेची उशिरा आलेली बस दिसते.

एका देशाचं एकच पुस्तक दाखवू नका. विशेषतः ती जुनी लोककथा असेल, तर तिथे आजही सगळे राजवाड्यात नाहीतर झोपडीत राहतात, अशी मुलांची पक्की समजूत होते. लोककथेच्या जोडीला आजच्या काळातली, शक्यतो शहरात घडणारी एक गोष्ट ठेवा.

आता वेळेचं गणित. चित्रपुस्तकं बहुधा 32 पानांची असतात, कारण छापखान्यात पानं 8 किंवा 16 च्या फॉर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून, निघतात. शीर्षक वगैरेची पानं वजा केली तर गोष्टीला साधारण 12 ते 14 जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात. प्रत्येकी 45 सेकंद धरले तर दहा मिनिटं. त्याहून लवकर संपलं तर तुम्ही मजकूर वाचलात, पण मुलांना चित्रं बघू दिली नाहीत.

आदल्या दिवशी पुस्तक दोनदा मोठ्याने वाचा. पात्रांच्या नावांचे उच्चार ती भाषा बोलणाऱ्या माणसाकडून किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकून घ्या. नाव अवघड वाटतं म्हणून बदलू नका. सहा वर्षांच्या मुलाची जीभ तुमच्यापेक्षा लवकर वळते. मूळ भाषेतलंच पुस्तक असेल तर अनुवाद कागदाच्या पट्ट्यांवर लिहा आणि सहज निघणाऱ्या चिकटपट्टीने पानाच्या कडेला लावा. मूळ अक्षरं झाकू नका, ती अनोळखी लिपी बघायलाच मुलं पुढे सरकतात.

अरबी, फारसी, उर्दू आणि हिब्रू पुस्तकं उजवीकडून उघडतात. जपानी पुस्तकात मजकूर उभा असेल तर तेही उजवीकडून, आडवा असेल तर डावीकडून. हे फक्त अक्षरांपुरतं नसतं. अशा पुस्तकात पात्र डावीकडे चालत असेल तर ते पुढे निघालेलं असतं. हे लक्षात न घेता चित्रं डावीकडून दाखवत गेलात, तर घर सोडून निघालेला मुलगा घरी परतताना दिसेल. वाचण्याआधी पुस्तक मुलांपुढे धरून विचारा, 'याचं तोंड कुठे?' दोन मिनिटांचा हा खेळ पुढचा घोळ टाळतो.

बसण्याची जागा ठरवताना खिडकी बघा. ती तुमच्या पाठीमागे असेल तर मुलांना पुस्तकाची काळी आकृती दिसते. मुलांच्या पाठीमागे असेल तर गुळगुळीत कागद चकाकतो. बाजूला असली की ठीक. मुलांना अर्धवर्तुळात बसवा, पुस्तक खालून कण्याच्या मध्यावर धरा, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. पडद्यावर दाखवत असाल तर पूर्ण जोडपान एकदम दाखवा. एकेक पान कापून दाखवलं की दोन्ही पानांवर पसरलेली नदी मधेच तुटते.

पहिलं वाचन थांबे न घेता करा. एक-दोन दिवसांनी दुसरं. त्यात तीन-चार ठिकाणी थांबा आणि दोनच प्रश्न विचारा: 'इथे काय चाललंय?' आणि 'कशावरून म्हणतोस?' दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण तो मुलाची नजर पुन्हा चित्राकडे नेतो. उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा. तिसऱ्या वेळी गोष्ट मुलांनी सांगायची, तुम्ही फक्त पानं उलटायची. शब्दांविना पुस्तक असेल तर पहिल्या वेळेपासूनच गप्प बसा. हे जमायला शिक्षकांनाच जास्त सराव लागतो!

हसू येणारच. अनोळखी पोशाख, अनोळखी जेवण दिसलं की कोणीतरी 'ईऽऽ' म्हणेल. लगेच रागावलात तर मुलं गप्प होतात, मत मात्र तसंच राहतं. त्याऐवजी विचारा, 'ही मुलगी आपल्या वर्गात आली तर तिला कशाचं हसू येईल?' मग दप्तर, बाक, घंटा यांची यादी सुरू होते. वर्गात त्या देशाचं मूल असेल तर त्याला देशाचा प्रतिनिधी करून उभं करू नका. त्याला स्वतःहून सांगायचं असेल तर सांगेल.

आवाजांचा खेळ हमखास जमतो. आपला कोंबडा कुकूचकू करतो, फ्रेंच पुस्तकातला 'कोकोरिको', जर्मन पुस्तकातला 'किकेरिकी'. जपानी कुत्रा 'वान वान' भुंकतो आणि रशियन 'गाव गाव'. अनुवादात हे आवाज बदललेले असतात, म्हणून मूळ प्रतीतून शोधून ठेवा.

जपानची कामिशिबाई, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायचा संच, मिळाली तर तिची रीत वेगळी. ही सुटी चित्रं असतात, बहुधा 12 ते 16, आणि चौकटीतून एकेक ओढून मागे सारायची असतात. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या चित्राच्या पाठीवर असतो आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या पाठीवर. मुलांसमोर बसण्याआधी क्रमांक तपासा; एक चित्र मागेपुढे झालं की तिथून मजकूर आणि चित्र जुळेनासे होतात.