छऱ्याच्या बंदुकीला स्कोप बसवण्याआधी

परसात हापूसची रिकामी पेटी, पेटीत ओल्या वाळूची पिशवी, पुढे कागदी टार्गेट, आणि दहा मीटरवर तुम्ही. पेटीमागे जांभ्याचा गडगा असला तरी वाळू हवीच. कडक दगडावरून छर्रा उलटून तोंडावर येतो. एवढ्या अंतराला माशी-खाच (नळीच्या टोकाचा उंचवटा आणि मागची फट) पुरे की स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, घ्यावा, याचं उत्तर बऱ्याचदा बंदुकीच्या सांध्यात असतं.

बॅरल सांध्यात वाकवून भरायची स्प्रिंगची बंदूक रिकामी करा, बॅरल बंद करा आणि नळीचं टोक डावी-उजवीकडे हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर स्कोपचा विचार तूर्त बाजूला ठेवा. अशा बहुतेक बंदुकांत माशी आणि मागची खाच दोन्ही बॅरलच्याच अंगावर असतात. बॅरल दर वेळी केसभर वेगळी बसली तरी त्या तिच्याबरोबरच हलतात. स्कोप मात्र मागच्या, स्प्रिंग असलेल्या ट्यूबवर बसतो. बॅरलचं तोंड एकीकडे आणि काच दुसरीकडे झाली की ग्रूप (टार्गेटवरचा छऱ्यांचा घोळका) फिरत राहतो आणि शिव्या बिचाऱ्या स्कोपला. आधी सांध्याचा बोल्ट आवळा, तरी खेळ राहिला तर वॉशर बदलून घ्या.

उघड्या साईटवर खाच, माशी आणि टार्गेट तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं डोळ्याला शक्यच नाही. माशी स्पष्ट ठेवा, टार्गेट धूसर झालं तर होऊ द्या. माशीचं डोकं खाचेच्या काठाला समपातळीत आणि दोन्ही अंगांना सारखा उजेड हवा. दोन्ही साईटमध्ये 45 सेंमी अंतर असेल आणि माशी 1 मिमी ढळली, तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 22 मिमी बाजूला पडतो. माडांखालच्या ऊन-सावलीत घासलेली माशी एका कडेने चकाकते आणि नेम नकळत ढळतो. निरांजनावर वाटी धरून जमलेली काजळी बोटाने माशीला लावा. ज्योत बंदुकीजवळ नेऊ नका. छर्रे उजवीकडे जात असतील तर खाच डावीकडे सरकवा, खाली पडत असतील तर वर घ्या. पण एका छऱ्यावरून नाही, पाच मारून ग्रूप बघून.

चाळिशी लागली की खाच पार विरघळते. तिथे, किंवा वीस मीटरच्या पुढे, स्कोपचा खरा उपयोग. स्पर्धेच्या 10 मीटर एअर रायफलमध्ये मात्र दुर्बीण चालत नाही, तिथे पीप साईटच, म्हणजे बारीक भोकातून बघायची साईट. मुलाला शूटिंगला घालायचं असेल तर स्कोपची सवय नको.

स्कोप घ्यायचा तो एअरगनसाठी बनवलेलाच. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दुहेरी असतो: पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे येते, पिस्टन थांबला की पुढे झेपावते. हा उलटा झटका साध्या स्कोपची आतली जुळणी मोडतो. पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेमाची रेघ टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसणं) 10 मीटरपर्यंत जुळवता यायला हवा आणि परसातल्या नेमाला 4 पट मोठं दिसलं तरी भरपूर.

ट्यूबवरच्या खाचा आणि माउंट (स्कोप धरणारी पकड) तेल पुसून कोरडे करा. धक्क्याने माउंट मागे सरकतं, म्हणून स्टॉप पिन ट्यूबवरच्या भोकात बसवा. डोळा आणि काच यांत साधारण 8 ते 9 सेंमी ठेवा. क्रॉसहेअर (काचेतल्या उभ्या-आडव्या रेघा) सरळ करायला गवंड्याचा ओळंबा दहा मीटरवर टांगा आणि उभी रेघ दोरीवर आणा. स्क्रू आडव्या-तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा. जोर केलात तर स्कोपची नळी चेपते. पन्नास छऱ्यांनी पुन्हा तपासा.

टरेट म्हणजे नेम सरकवायचं स्कोपवरचं बटण; त्याचा पाव मिनिटाचा (हे कोनाचं मिनिट, वेळेचं नव्हे) एक क्लिक 10 मीटरवर जेमतेम 0.7 मिमी हलवतो. म्हणजे 2 सेंमी सरकवायला जवळपास 28 क्लिक. स्कोप बिघडला असं समजू नका. वरचा टरेट शेवटाला भिडूनही छर्रे खालीच पडत असतील, तर बॅरल किंचित झुकलेली आहे. मागच्या रिंगेत स्कोपखाली जुन्या कॅमेरा फिल्मची एक पट्टी घाला, दोनपेक्षा जास्त नको. त्याहून झुकती असेल तर त्यासाठीचं माउंट मिळतं. बंदुकीची पुढची लाकडी बाजू मात्र टेबलावर कधी टेकवू नका, उघड्या तळव्यावर सैल ठेवा. घट्ट धरली की ग्रूप फुटतो, साईट कोणतीही असो.

झिरो, म्हणजे नेम धराल तिथेच छर्रा पडेल अशी साईटची जुळणी, सकाळीच करा. दुपारचा खारा वारा हलक्या छऱ्याला ढकलतो आणि त्या वाऱ्यावर केलेलं झिरो दुसऱ्या दिवशी खोटं ठरतं.

नळीचं भोक 4.5 मिमीच्या किंवा छऱ्याची ताकद 20 ज्यूलच्या पुढची असलेली बंदूक परवान्याशिवाय ठेवता येत नाही. आणि वाडीत वानरांनी कितीही उच्छाद मांडला तरी त्यांच्यावर किंवा पाखरांवर नेम नको; वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आड येतो.

पावसाळ्यात फोमच्या पेटीत बंदूक ठेवाल तर श्रावणापर्यंत नळीवर गंज आणि काचेत बुरशी. बाहेरून तेलाचं फडकं फिरवा, कपाटात उघडी ठेवा, स्कोप सिलिका जेलसोबत डब्यात. खोबरेल वापरू नका, ते चिकट होऊन बसतं. आणि कुठलंही तेल छऱ्याच्या भोकातून आत सोडू नका: दाबाने ते पेटतं, फटाक्यासारखा आवाज येतो, धूर निघतो आणि पुढचे काही छर्रे वाटेल तिथे पडतात.