मियोच्या बॅलेतला फ्यूग कसा बसवावा

फ्रेंच संगीतकार दारियूस मियोचं ‘ला क्रेआस्यों द्यू मोंद’ (‘विश्वाची निर्मिती’) हे १९२३चं बॅले. १९२२मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ऐकलेला जॅझ त्याने यात फ्यूगच्या (एकच चाल वेगवेगळ्या वाद्यांवर एकामागून एक येते, अशी रचना) कडक शिस्तीत बसवला, अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या ‘रॅप्सडी इन ब्लू’च्या काही महिने आधी. तंतुवाद्यांत व्हायोलाच्या (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य) जागी ऑल्टो सॅक्सोफोन आहे. लांबी साधारण १७ मिनिटं.

ठाण्यातल्या नृत्यवर्गांना हे रेकॉर्डिंगवर बसवता येतं. अडतं ते संथ ओव्हर्चरनंतरच्या (सुरुवातीच्या वाद्यसंगीतानंतरच्या) फ्यूगपाशी, म्हणून तालीम तिथूनच सुरू करा. चाल आधी डबल बासवर येते, मग ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट. नर्तकांचे चार गट करा, प्रत्येकाला एक वाद्य द्या.

सोसायटीच्या हॉलमधल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर डबल बास जवळजवळ ऐकूच येत नाही. इतका खर्ज त्याला झेपत नाही. मग पहिला गट ट्रॉम्बोनवर उठतो आणि मागचे सगळे एकेक वाद्य उशिरा निघतात. तालमीला मोठ्या वूफरचा स्पीकरच लावा.

दुसरी चूक समेची. चालीतले जोर मात्रेच्या आधी किंवा अधेमधे पडतात. कथक शिकलेले पाय त्या जोरालाच सम मानतात आणि बघता बघता अर्धी मात्रा पुढे पळतात. पहिल्या तीन तालमींत नाच नकोच. पायाने सरळ मात्रा धरा, तोंडाने चाल गुणगुणा. पाय न डगमगता चाल म्हणता आली, की हात जोडा. घुंगरू बांधू नका, पियानो आणि तालवाद्यांचा ठेका त्यात बुडतो.

पुढे ओबोचं ब्लूज, व्हायोलिनांचा केकवॉक (आफ्रिकन-अमेरिकन नाचाची चाल), क्लॅरिनेटचा भाग. इथे मोजणी सोपी आहे, दोन-तीन तालमींत बसते. पोशाख मात्र हलका ठेवा: मूळ प्रयोगात चित्रकार फेर्नां लेजेच्या अवजड पोशाखांनी नर्तकांच्या हालचाली जखडल्या होत्या.

मियो १९७४मध्ये गेला, त्यामुळे भारतात या संगीताचा कॉपीराइट २०३४अखेरपर्यंत आहे. गडकरी रंगायतन किंवा वाशीचं भावे नाट्यगृह ठरवण्याआधी प्रकाशकाची परवानगी मागा; रेकॉर्डिंगची वेगळी लागते.

प्रयोगाच्या दिवशी साउंडवाल्याकडून रंगमंचावर नर्तकांच्या दिशेने मॉनिटर लावून घ्या. प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा आवाज मागच्या गटाला धूसर ऐकू येतो, आणि डबल बासवर उठणारा गट बहुधा मागेच उभा असतो.