थिंक टँकचा पैसा शोधताय? या चुका टाळा

'केटो इन्स्टिट्यूट हा अमेरिकी थिंक टँक कोणी काढला?' या प्रश्नाला 'कोक बंधूंनी' (चार्ल्स आणि डेव्हिड, अमेरिकी उद्योगपती) असं एका दमात उत्तर आलं, की पुढचा लेख कसा असणार ते मला कळतं. बंधू नव्हे, पैसा चार्ल्स कोक यांचा, सोबत एड क्रेन आणि अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड. १९७४ मध्ये ही संस्था 'चार्ल्स कोक फाउंडेशन' म्हणून सुरू झाली, १९७६ मध्ये नाव बदललं आणि १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कार्यालय थाटलं. म्हणून तीन ठिकाणी तीन सालं दिसतात. कुठल्या साली काय झालं तेवढं सोबत लिहा.

(नावाचा डाएटशी संबंध नाही. १८व्या शतकातल्या 'केटोज लेटर्स' या इंग्रजी पत्रमालेवरून ते घेतलंय.)

संस्थापक म्हणजे कायमचा धनी, हाही एक लाडका गैरसमज. रॉथबार्ड यांना १९८१ मध्येच बाहेर काढलं. २०१२ मध्ये तर कोक बंधूच शेअर्सच्या वादावरून केटोविरुद्ध कोर्टात गेले. हो, या ना-नफा संस्थेला चक्क भागधारक होते! तडजोडीत तेव्हाचे प्रमुख क्रेन गेले आणि ती भागधारक पद्धतही मोडीत निघाली.

आता माझी दुखरी नस: देणग्यांची बेरीज. एका होतकरू मुलाचा अशाच एका संस्थेवरचा लेख माझ्याकडे तपासायला आला होता. आकडा दणदणीत, शीर्षकातच. पाहिलं तर एका फाउंडेशनने डोनर्स ट्रस्टला (देणगीदारांचे पैसे पुढे वाटणारा मधला निधी) दिलेले पैसे त्याने धरले होते आणि डोनर्स ट्रस्टने पुढे त्या संस्थेला दिलेलेही. म्हटलं, "अरे, हा तोच डॉलर दोनदा मोजला नाहीस कशावरून?" तर म्हणतो, "पण सर, दोन वेगवेगळ्या फॉर्मवर आहेत ना!" शीर्षक गेलं, निम्मा लेखही गेला. एका संध्याकाळीत 'पर्दाफाश' करायची घाई, दुसरं काय.

मी अजूनही कागदावर दोन रकाने आखतो: डावीकडे देणारा, उजवीकडे घेणारा, मध्ये बाण. शोध मात्र डावीकडूनच सुरू करतो. कारण घेणाऱ्या संस्थेच्या फॉर्म ९९० ची (अमेरिकेतल्या ना-नफा संस्थांचं वार्षिक करविवरण) जी प्रत लोकांना मिळते, तिच्या शेड्यूल बी मध्ये देणगीदारांची नावं गाळलेली असतात. तिथे डोळे फोडून उपयोग नाही. खासगी फाउंडेशनच्या ९९०-पीएफ मध्ये मात्र कोणाला किती दिले ते नावानिशी असतं. बाण डोनर्स ट्रस्टसारख्या मधल्या निधीपाशी अडला, तर मीही तिथेच थांबतो. पलीकडचं नाव अंदाजाने लिहायचं नाही.

एखाद्या वर्षी देणग्या अचानक फुगल्या, तर आधी कबूल केलेल्या रकमा बघा. अनेक वर्षांत मिळायचे पैसे बिनशर्त कबूल झाले, की त्याच वर्षीच्या जमेत धरतात.

आणि साल. केटोचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पण फॉर्मवर ते सुरू झाल्याचं साल असतं. २०१९ चा फॉर्म म्हणजे मार्च २०२० पर्यंतचा हिशोब.