नारळाचा तीन थरांचा केक, घशात न अडकणारा

नारळाचा केक दिसायला पांढराशुभ्र, पण घास घेतला की कोरडा लागतो आणि पाणी प्यावंसं वाटतं. बहुतेक वेळा भाजण्यात काही चुकलेलं नसतं. चूक असते सुक्या खोबऱ्याची. डेसिकेटेड कोकोनटमध्ये, म्हणजे सुकवलेल्या खोबऱ्याच्या बारीक किसात, पाणी जवळजवळ नसतंच. तो कोरडाच मिश्रणात टाकला तर आजूबाजूचा ओलावा शोषून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी केक आणखी रुक्ष होतो. शिवाय नारळाची खरी चव असते त्याच्या स्निग्धांशात, म्हणजे दुधात. म्हणून या केकमध्ये नारळाचं दूध तीन ठिकाणी जातं: मिश्रणात, थरांवर शिंपडायला आणि आयसिंगमध्ये. खोबऱ्याला आधी पोटभर ओलावा द्यायचा, मग ते केकचा ओलावा पळवत नाही.

हे माप २० सेंमी (८ इंची) व्यासाच्या तीन टिनसाठी आहे. साधारण १६ माणसांना पुरतं.

केकसाठी मैदा ३२० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, बेकिंग पावडर १२ ग्रॅम (५ मिलीचे ३ सपाट चमचे), मीठ अर्धा चमचा, बिनमिठाचं बटर २०० ग्रॅम, बारीक साखर ३६० ग्रॅम, मध्यम आकाराची ५ अंडी (कवचाशिवाय सुमारे २५० ग्रॅम), नारळाचं घट्ट दूध २५० मिली, डेसिकेटेड कोकोनट ५० ग्रॅम, व्हॅनिला २ चमचे. शिंपडायला १२० मिली नारळाचं दूध आणि ४० ग्रॅम साखर. आयसिंगसाठी ३५० मिली नारळाचं दूध, ६० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅम साखर, ३४० ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि चिमूटभर मीठ. वरून लावायला आणखी १५० ग्रॅम डेसिकेटेड कोकोनट, साखर न घातलेला. सगळं वजनकाट्यावर मोजा. वाटीत मैदा दाबून भरला की माप सहज २०-२५ ग्रॅमनं वाढतं आणि केक घट्ट होतो.

दूध डब्यातलं असेल तर ४०० मिलीचे दोन डबे पुरतात. डबा उघडण्याआधी जोरात हलवा, नाहीतर वरची साय एका कामात आणि खालचं पाणी दुसऱ्या कामात जाईल. घरी काढत असाल तर ओला नारळ खवून, जवळपास तेवढ्याच कोमट पाण्यात वाटून पिळा आणि फक्त पहिलं दूध घ्या. दुसऱ्या पाण्याचं दूध इथे फार पातळ पडतं.

केक भाजणं

मिश्रणासाठीचं २५० मिली दूध कोमट करून त्यात ५० ग्रॅम खोबरं किमान २० मिनिटं भिजवा आणि पूर्ण निवू द्या. बटर आणि अंडी तासभर आधी बाहेर काढून ठेवा. बटर बोटानं दाबल्यावर खळगा पडावा, पण ते चकाकू नये. चकाकलं म्हणजे ते जास्त मऊ झालं. त्यात हवा टिकत नाही आणि केक बसका होतो.

ओव्हन १७० अंश सेल्सिअसवर (पंख्याचा असेल तर १५५) तापत ठेवा. टिनच्या तळाला बटर पेपर लावा. मैदा, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा चाळा. बटर आणि साखर बीटरनं ४-५ मिनिटं, रंग फिका होईपर्यंत फेटा. मग एकेक अंडं घाला आणि प्रत्येक अंडं पूर्ण मिसळल्यावरच पुढचं. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर अंडी गार होती असं समजा. चमचाभर मैदा घालून फेटलं की ते सावरतं. शेवटच्या अंड्याबरोबर व्हॅनिला.

आता बीटर सर्वात कमी वेगावर. मैदा तीन भागांत, त्यांच्यामध्ये खोबऱ्यासकट दूध दोन भागांत. सुरुवात आणि शेवट मैद्यानंच करा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. इथून पुढे फेटत राहिलं तर मैद्याला चिवटपणा येतो आणि केकमध्ये उभे लांबट बोगदे पडतात.

मिश्रण एकूण दीड किलोच्या आसपास भरतं. प्रत्येक टिनमध्ये काट्यावर मोजून जवळपास ४९० ग्रॅम घाला. अंदाजानं ओतलं तर थर हमखास कमीजास्त जाडीचे होतात. मधल्या कप्प्यात २६ ते ३० मिनिटं भाजा आणि पहिली २० मिनिटं दार उघडू नका. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी आली आणि कडा टिनपासून किंचित सुटल्या की काढा. केक मधोमध बसला तर तो कच्चा काढला गेला किंवा बेकिंग पावडर जास्त पडली. वर घुमट येऊन तडा गेला तर ओव्हन जास्त तापलेला होता. ओव्हनच्या बटणावरचे आकडे बरेचदा खरे नसतात, त्यामुळे आत ठेवायचा थर्मामीटर घेणं फार उपयोगाचं.

दहा मिनिटांनी थर टिनमधून काढून जाळीवर पूर्ण गार करा. समारंभाच्या आदल्या दिवशी भाजून, घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेत तर उत्तम. गार थर कापताना भुगा कमी पडतो.

आयसिंग

साखरेच्या जाड लेपाखाली नारळाची चव दबते. म्हणून इथे शिजवलेल्या मैद्याचं आयसिंग घ्यावं: कमी गोड आणि हलकं.

जाड बुडाच्या पातेल्यात साखर आणि मैदा कोरडेच एकत्र करा. त्यात नारळाचं दूध थोडं थोडं घालून गुठळ्या मोडा. मध्यम आचेवर सतत ढवळत खळीसारखं घट्ट करा आणि बुडबुडे येऊ लागल्यावर आणखी दीड-दोन मिनिटं शिजवा. ही मिनिटं वाचवलीत तर कच्च्या पिठाची चव राहते. गाळून घ्या, साय धरू नये म्हणून पृष्ठभागालाच प्लॅस्टिक चिकटवा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

बहुतेकांचं इथेच बिघडतं. खळ जराही गरम असेल तर बटर वितळून सूप होतं. तसं झालं तर भांडं १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. खळ फ्रिजमधून थेट काढलेली असेल तर दाणेदार, फाटल्यासारखं दिसतं. मग भांड्याला बाहेरून गरम पाण्यात भिजवलेलं फडकं लावा आणि फेटत राहा. नीट क्रम असा: मऊ बटर एकटंच ५ मिनिटं फेटा, मग खळ एकेक मोठा चमचा घालत जा, शेवटी मीठ घालून आणखी ३ मिनिटं फेटा.

रचणं

१२० मिली दुधात ४० ग्रॅम साखर गरम करून विरघळवा, उकळू नका. थरांचे उंचवटे करवतीसारख्या दात्यांच्या सुरीनं कापून सपाट करा. प्रत्येक थरावर ३ मोठे चमचे (४५ मिली) दूध ब्रशनं लावा, कडांना थोडं जास्त, कारण कडा आधी सुकतात. याहून जास्त ओतू नका. तळचा थर वजनानं दबून लगद्यासारखा होतो.

तळाला चमचाभर आयसिंग लावून पहिला थर बसवा, म्हणजे तो सरकत नाही. दोन थरांमध्ये प्रत्येकी सुमारे १७० ग्रॅम आयसिंग. सर्वात वरचा थर उलटा ठेवा, भाजताना खाली असलेली सपाट बाजू वर येईल. सगळीकडून आयसिंगचा पातळ हात फिरवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. त्यात भुगा अडकतो. मग उरलेलं आयसिंग लावा आणि लगेच, ते मऊ असतानाच, खोबरं लावा. थंड होऊन घट्ट झालेल्या आयसिंगला ते चिकटत नाही. केक मोठ्या ताटात ठेवा, तळव्यावर खोबरं घेऊन बाजूंना खालून वर हलकेच दाबा, पडलेलं पुन्हा वापरा.

सोनेरी रंग हवा असेल तर खोबरं आधी १६० अंशांवर ६ ते ८ मिनिटं भाजून गार करा. दर दोन मिनिटांनी हलवा, कारण कडेचं आधी जळतं. ओलं खोबरं चवीला सरस, पण लवकर आंबतं. ते लावायचं तर त्याच दिवशी, वाढण्याच्या थोडं आधी.

फ्रिजमध्ये बटर दगडासारखं होतं आणि थरही कोरडे वाटतात. म्हणून कापण्याआधी दीड-दोन तास बाहेर काढा. फार उकाडा असेल तर पाऊण तास पुरे. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा. उरलेल्या केकच्या कापलेल्या बाजूला बटर पेपर घट्ट चिकटवून झाकलेल्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवला तर तीन दिवस छान राहतो.