'ताई, आणखी एक लिंक का?'

वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल शिक्षकांना काय वाटतं, हा माझ्या एम.एड.च्या लघुप्रबंधाचा विषय. त्यासाठी बनवलेल्या पहिल्या प्रश्नावलीत ६२ विधानं होती. पेठ तालुक्यातल्या एका केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत ती १८ शिक्षकांना वाटली. दहा मिनिटांत सगळ्या भरून परत, बहुतेक ठिकाणी 'पूर्णतः सहमत'. मी खूश! नाशिकला येताना एसटीत चाळायला घेतल्या, तर 'मी संगणक आत्मविश्वासाने वापरतो' यालाही सहमत आणि 'संगणक हाताळताना मला भीती वाटते' यालाही सहमत.

नंतर त्यांच्यातल्याच एका सरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, वर शाळेचं नाव आणि यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, मागितलाय तुम्ही. त्याखाली 'येत नाही' असं कोण लिहील?"

तिथे माझी ट्यूब पेटली. आपल्याकडे शिक्षकाला कागद येतो तो बहुधा वरून आलेली माहिती भरायलाच. त्यात 'तंत्रस्नेही' हा शब्द आता कौतुकाचा झालाय. तो नसणं म्हणजे कमीपणा. म्हणून तुम्हीही अशी प्रश्नावली करणार असाल, तर नाव काढा, शाळाही काढा; तालुका, सेवेची वर्षं आणि शिकवण्याचा स्तर एवढं पुरतं. परवानगीचं पत्र घ्यायचंच, पण मुख्याध्यापकांना दाखवायला. प्रश्नावलीला टाचलंत, तर तिचा आदेश होतो.

दुसरा घोळ विषयातच होता. मला मतं हवी होती आणि मी विचारत होते कौशल्यं. 'तंत्रज्ञानामुळे गणित समजावणं सोपं जातं' हे मत. त्याला लिकर्टची 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' अशी पाचपदी श्रेणी (१९३२ पासूनची, अजून ठणठणीत) चालते. 'मला व्हिडिओ बनवता येतो' हा मात्र स्वतःबद्दलचा अंदाज. प्रत्यक्ष कौशल्य नव्हे. तिथे सहमत-असहमत ठेवू नका. 'गेल्या महिन्यात वर्गासाठी किती वेळा बनवला?' असं विचारा. आकडा लिहिताना माणूस जरा थांबतो.

मिश्रा आणि कोहलर या संशोधकांची २००६ ची टीपॅक (TPACK) चौकट वाचाच. आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांची ज्ञानं एकमेकांत कशी मिसळतात ते तिथे कळतं, आणि विधानांचे गट पाडताना आधार मिळतो. पण त्यावरची तयार इंग्रजी प्रश्नावली उचलून भाषांतर करण्याचा मोह टाळा. माझी तशी विधानं शिक्षकांना दोनदा वाचावी लागत होती.

एका वाक्यात एकच गोष्ट विचारावी, हे सगळे सांगतात. तरी चूक होतेच. 'मला दीक्षा ॲप (सरकारचं शैक्षणिक ॲप) व प्रोजेक्टर वापरता येतो' असं मी लिहिलं होतं. ज्या शाळेत प्रोजेक्टरच नाही, तिथल्या बाईंनी काय करावं? त्यांनी मधलं 'सांगता येत नाही' निवडलं आणि माझ्या हिशेबात त्या तटस्थ ठरल्या. 'शाळेत साधन नाही' हा वेगळा रकाना हवा, आणि त्याला गुण द्यायचे नाहीत.

क्रॉनबॅक अल्फाबद्दल, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याबद्दल, थोडक्यात: ०.७० च्या आसपास किंवा वर आला, तर सहसा चालवून घेतात. फारच कमी आला, तर आधी 'भीती वाटते'सारख्या नकारात्मक विधानांचे गुण उलटे केलेत का ते बघा. मी विसरले होते आणि एक अख्खा रविवार विधानं गाळण्यात गेला.

नमुन्यात किती जण घ्यायचे यासाठी क्रेजसी-मॉर्गनचा १९७० चा तक्ता सगळेच वापरतात: एकूण शिक्षक हजार असतील, तर २७८. पण तो तक्ता यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी) निवड गृहीत धरतो. व्हॉट्सॲप गटात प्रश्नावलीची लिंक टाकून २७८ जमवलेत, तर गंमतच आहे. लिंक भरायलाही तंत्रज्ञान यावं लागतं; ज्यांना ते जड जातं, ते तुमच्या अभ्यासातून पहिल्याच पायरीवर गळतात. निफाडकडे मी लिंक चालवली, पण सुरगाणा-पेठला कागदच नेले. झेरॉक्सचा खर्च झाला, होऊ दे.

दुसऱ्या फेरीत विधानं २८ वर आणली आणि शेवटी एक खुला प्रश्न ठेवला: 'वर्गात तंत्रज्ञान वापरताना शेवटचं कुठे अडलं?' सहमतीच्या रांगांत जे कधी सापडलं नसतं, ते इथे आलं. एका बाईंनी लिहिलं होतं, "मला अडत नाही. सातवीतला एक मुलगा सगळं जोडून देतो. तो पास होऊन गेला की विचारा."