जुन्या मोटरसायकलचं क्लच कव्हर, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं क्लचवरचं झाकण, बदलताना
ऑइल आधी काढून घ्या, नाहीतर ओसरी पुन्हा शेणानं सारवावी लागते. मी सारवली आहे. खरी गोम बोल्टांची. सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, भोकं पाडा, जो बोल्ट जिथून निघाला तिथंच खोचा. आखूड बोल्ट लांबाच्या जागी गेला की दोनच आट्यांवर धरतो, आवळताना ॲल्युमिनियमचे आटेच सोलून निघतात. मग लेथवाल्यासाठी थेट यवतमाळ! कव्हर आणि इंजिनाच्या सांध्यातलं जुनं पॅकिंग पेचकसानं खरवडू नका, ओरखड्यातून ऑइल पाझरतं. प्लास्टिकची पट्टी बरी. जुन्या कव्हरात अडकलेल्या दोन पोकळ पिना काढून नव्यासाठी घ्यायला विसरू नका. नवं पॅकिंग बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.